आमचे तात्या: वकिली, नातवंडं आणि पावसाच्या वह्या

बालाघाटी

गेल्या महिन्यात आमचे आजोबा गेले. नव्वदी ओलांडली होती. आजार असा काही नव्हता. अंबाजोगाईत त्यांनी साठेक वर्षं वकिली केली, त्यामुळे इथल्या बीड-लातूरकडच्या जुन्या मंडळींनी त्यांना कोर्टात नाहीतर कोर्टासमोरच्या हॉटेलात कधीतरी पाहिलं असेल. नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतील. घरात त्यांना सगळे तात्या म्हणत.

पेपरात छापून आलं ते ठरलेलं: ज्येष्ठ विधिज्ञ, दिवाणी कायद्याचे गाढे अभ्यासक, न भरून येणारी पोकळी. असेलही. पण आम्हा नातवंडांना ते वकील म्हणून फारसे माहीतच नव्हते. आम्हाला माहीत होते ते सकाळी साडेआठला अंगणात उकिडवे बसून काचेचं मोजपात्र डोळ्यासमोर धरणारे तात्या. ते पाऊस मोजायचे. १९७२ चा दुष्काळ सरला त्यानंतरच्या मृगापासून रोज. पाऊस नसला तरी 'निरंक' लिहायचे. परगावी तारीख असली की हे काम आजीकडे, आजी गेल्यावर आमच्यापैकी जो सुटीला आलेला असेल त्याच्याकडे. आकडा चुकीचा सांगितला तर त्यांना कळायचंच. मग आमची उलटतपासणी: "पाणी आधी पाह्यलंस की आधी बाटली उचललीस?"

तांबटाकडून बरोबर पाच इंची तोंडाचं पत्र्याचं नरसाळं करून घेतलेलं, खाली बाटली, भोवती विटांचा ओटा. ओट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं अजून आहे: १ मिमी = १२.६७ मिली. औषधाच्या दुकानातल्या मोजपात्रातले मिलिलिटर याने भागायचे आणि वहीत उतरवायचे. शेजारी शेऱ्याचा रकाना. एक शेरा घरात फार प्रसिद्ध आहे: "पंचांगाप्रमाणे आर्द्रा, वाहन म्हैस. म्हैस अद्याप निघालेली नाही."

आता प्रश्न. या वह्यांचं काय करावं? दोन लोखंडी पेट्या भरल्या आहेत. काका म्हणतात घरातच राहू द्या. भाऊ म्हणतो स्कॅन करून टाक आणि मोकळी हो. मला वाटतं कुणाच्या तरी कामी याव्यात. शिवाय त्यांच्या उर्दू-मोडी कागदांचं एक कपाट आहे, ते वेगळंच.

आणि कुणाकडे तात्यांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. फक्त 'पोकळी' नको.

पाटीलबुवा

भावपूर्ण श्रद्धांजली.

येळवस

ओळखले! आमच्या शेतात वेळ अमावस्येला दरसाल यायचे. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, मग पंगत. भज्जीवर आंबील ओतून खायचे आणि वर म्हणायचे, "आंबिलीत लसूण कमी आहे, दुरुस्ती अर्ज द्या." शेतात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बांधावरची ती बाभळ कोणाची?" माझे आजोबा हात जोडायचे, "साहेब, आज सण हाय, कामाचं नका काढू."

अवांतर: पुण्यात आंबील मिळत नाही. ताकात पीठ कालवून देतात.

सुशीला आणि चहा

@येळवस, त्यात वरून साखरही घालतात. मी पाहिलं आहे.

काळा कोट

मी त्यांच्याकडे तीन पावसाळे ज्युनिअर होतो (त्यांच्याकडे काळ तसाच मोजायचे). आता संभाजीनगरला खंडपीठात असतो.

पेपरवाल्यांना दोष देऊ नका, गाढे अभ्यासक ते होतेच. पण ऑफिसात मी शिकलो ती गोष्ट वेगळी. बांधाचं भांडण घेऊन पक्षकार आला की तात्या एक कोरा कागद घ्यायचे आणि त्याच्यासमोर दोन रकाने आखायचे. डावीकडे: वादातली जागा किती हात रुंद, किती लांब, तिथे ज्वारी किती निघते, आजचा भाव काय. उजवीकडे: कोर्ट फी, मोजणी फी, माझी फी, तारखेला एसटीचं भाडं, बुडालेला रोज, साक्षीदाराचा चहा-नाश्ता, आणि 'अपील झाल्यास'. 'अपील झाल्यास' खाली ते दोन रेघा मारायचे. मग कागद पक्षकाराकडे फिरवायचे आणि पान लावायला घ्यायचे. एक शब्द बोलायचे नाहीत.

अर्धेअधिक उठून जायचे. त्यातले काही दुसऱ्या वकिलाकडे जाऊन दावा लावायचे, तो भाग वेगळा. पण काही खरंच परत गावात जाऊन मिटवायचे. आम्ही ज्युनिअर मनातून चडफडायचो, आमचा हिस्सा त्या फीवरच होता.

अपिलाची त्यांना धास्ती का, हे आजच्या पोरांना कळणार नाही. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला उच्च न्यायालय बसायला लागलं. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला हायकोर्ट म्हणजे मुंबई. परळीहून परभणी, तिथून छोट्या लाइनीने मनमाड, मनमाडला गाडी बदल, आणि मुंबईत उतरून कळायचं की बोर्डावर नंबर आलाच नाही. १९५६ च्या आधी तर हैदराबाद. तात्यांनी सनद घेतली तेव्हाच्या जुन्या वकिलांनी हैदराबादच्या फेऱ्या केलेल्या होत्या.

वह्यांबद्दल नंतर लिहितो, एक शंका आहे.

गोदाकाठ

दोन रकाने जबरदस्त. आमच्या नांदेडच्या वकिलांना दाखवतो. ते डावा रकाना आखतच नाहीत.

केजकर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. राग मानू नका.

तुमचे तात्या आमच्या समोरच्या पार्टीचे वकील होते. ऐंशीच्या दशकातला दावा. वडिलांची उलटतपासणी त्यांनी दोन तारखा चालवली. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही, हे खरं. पण एकच प्रश्न पाच बाजूंनी विचारायचे आणि वडील शाळा न शिकलेले, पाचव्यांदा वेगळं बोलून गेले. आम्ही हरलो. ती पट्टी विहिरीकडची होती. दोन रकान्यांचा कागद समोरच्याला त्यांनी दाखवला होता की नाही मला माहीत नाही. दाखवला असेल तर समोरच्याचा उजवा रकाना त्याला परवडला, एवढंच.

वडील मरेपर्यंत त्यांना 'तो गोड्या बोलीचा वकील' म्हणायचे. तेव्हा त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका, इतकंच.

पाटीलबुवा

@केजकर, माणूस जाऊन महिना झाला नाही. वेळ-काळ बघावा.

बालाघाटी

नाही, राहू द्या. आठवणी लिहा असं मीच म्हटलं होतं, चांगल्याच लिहा असं नव्हतं म्हटलं. केजकर, त्या दाव्याचं मला काही माहीत नाही, त्यामुळे बाजू घेत नाही.

काळा कोट

उलटतपास हे वकिलाचं काम आहे. तुमच्या वडिलांचा वकील तेव्हा हरकत घेऊ शकत होता.

केजकर

काम होतं हे मान्यच आहे. मांग-कसाई पण काम करतो म्हणतात तशातला प्रकार.

संपादक मंडळ

जातिवाचक म्हणी नकोत. धागा चांगला चालला आहे.

थेंबे थेंबे

मूळ प्रश्नाकडे येतो कारण माझा जीव त्या वह्यांत अडकलाय.

पाच इंची तोंड म्हणजे १२७ मिमी व्यास. सरकारी सायमन्स पर्जन्यमापकाचं मापही तेच. क्षेत्रफळ १२६.७ चौसेंमी, म्हणून एक मिलिमीटर पावसाला १२.६७ मिलिलिटर पाणी. भिंतीवरचा आकडा चोख आहे. सकाळी साडेआठ ही हवामान खात्याची ठरलेली वेळ. हे सगळं त्यांना कोणीतरी नीट सांगितलेलं होतं किंवा त्यांनी स्वतः खणून काढलं होतं. नुसती हौस नाही ही.

'निरंक' लिहायचे हे तर सोन्यासारखं. हौशी नोंदींत नेहमीचा घोळ हाच की कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की मोजलाच नाही, हे कळत नाही.

आता शंका: १) नरसाळ्याचं तोंड जमिनीपासून किती उंच? फूटभर हवं. २) जवळ भिंत, झाड किती अंतरावर? जेवढी उंची त्याच्या किमान दुप्पट लांब हवं. तुम्ही म्हणता ओट्यामागे भिंत आहे. ती किती उंच? ३) पन्नास वर्षांत जागा बदलली का?

बालाघाटी

@थेंबे थेंबे, भिंत म्हणजे कमरेएवढं कुंपण, तेही नंतर मागे सरकवलेलं. जागा एकदा बदलली. शेजाऱ्यांनी माडी चढवली तेव्हा तात्या त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या माडीने माझा पाऊस अडतो." शेजारी कुळकायद्याची नोटीस आल्यासारखे घाबरले. वकील माणूस, नेमका काय अडवतोय म्हणतो! मग तात्यांनीच ओटा परसातून पुढच्या अंगणात हलवला. वहीत तारखेसह लिहिलं आहे: "आजपासून स्थळ बदल. मागील नोंदींशी तुलना करताना ध्यानात घ्यावे." कोण तुलना करणार होतं कुणास ठाऊक.

थेंबे थेंबे

मी करणार होतो!! स्थळ बदलाची नोंद सरकारी केंद्रंही कधी कधी ठेवत नाहीत. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे जवळच्या केंद्राशी ताडून पाहता येतील. एक पान टाका ना, प्लीज.

बालाघाटी

हे घ्या, १९९३ च्या सप्टेंबरचं पान. ३० तारखेचा शेरा बघा: "पहाटे चारच्या सुमारास भूकंप. घर हलले. मोजपात्र फडताळातून पडून फुटले. नवे येईपर्यंत नोंद नाही."

[छायाचित्र]

मोजपात्र लगेच का आणलं नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. आईने सांगितलं की ते महिना-दीड महिना घरीच नव्हते.

औसा रोड

कुठे होते ते मी सांगतो.

आमची सासुरवाडी किल्लारीजवळची. गणपती बुडवून लोक झोपलेले, दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवद अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढचं लोकांना आठवत नाही. मदत आली, पण मदत द्यायची कुणाला? घरात एखादा उरलेला, तोही दहा वर्षांचा. सातबारा आजोबाच्या नावावर, आजोबा गेला, बाप गेला, फेरफार कधी झालेलाच नाही. बँकेचं पुस्तक ढिगाऱ्यात. वारसाचा कागद आणा म्हणतात. कागद कुठून आणायचा, ओळख पटवणारा गावकरीच उरलेला नाही.

तेव्हा काही वकील येऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते, त्यात अंबाजोगाईचे एक उंच, पान खाणारे होते. बरोबर टाइपरायटर आणि कारकून. अर्ज करून द्यायचे, पैसा घ्यायचे नाहीत. त्यांची रीत अशी: आधी वंशावळ विचारायचे. बाई सांगायला लागली की मध्येच रडू यायचं, तर ते थांबायचे, पान काढायचे, पण लावायचे नाहीत, नुसतं हातात धरून बसायचे. माझ्या मेव्हणीचा अर्ज त्यांनीच केला. तेच असणार. उंच होते ना?

बालाघाटी

उंच होते. पान खात. टाइपरायटर अजून आहे. धन्यवाद, घरात हे कुणी सांगितलंच नव्हतं.

काळा कोट

फोटो इथून काढून टाका. आत्ता. बाकी सगळं नंतर.

बालाघाटी

का?

काळा कोट

कागद पातळ आहे, मागची अक्षरं उमटली आहेत. मोठं करून वाचता येतं. तात्या काटकसरी, पावसाच्या वह्या पाठकोऱ्या कागदांच्या शिवलेल्या. मघा म्हटलं ना एक शंका आहे, ती हीच. ते मागचे कागद म्हणजे ऑफिसातली जुनी टिपणं. पक्षकाराने बंद दाराआड सांगितलेलं.

वकिलाला पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट काम संपलं म्हणून उघडी होत नाही. जुन्या पुरावा कायद्यात तसं स्पष्ट होतं, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. वकील गेला म्हणून ते नातीच्या मालकीचं होत नाही. त्या पानाच्या मागे एका भावकीचं काय लिहिलंय ते मी वाचलं आणि ती भावकी मला माहीत आहे.

संपादक मंडळ

छायाचित्र काढून टाकले आहे. ज्यांनी उतरवून घेतले असेल त्यांनी कृपया खोडावे.

सुशीला आणि चहा

एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला भावकी. मराठवाड्याचा इतिहास दोन्ही बाजूंनी लिहून ठेवलाय माणसाने.

थेंबे थेंबे

मग आकडे टाइप करून द्या. मला मागची बाजू नको, पावसाचीच हवी. तारीख, मिमी, शेरा, तीन रकाने. मी नमुना तक्ता पाठवतो. टाइप झाल्यावर परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी हवामानवाले आहेत, त्यांना विचारता येईल. विद्यापीठही १९७२ चंच, तात्यांच्या वह्यांच्या तोडीला तोड.

कुणी विचारेल एका अंगणातल्या नोंदीचं काय मोल? मराठवाड्याची जून ते सप्टेंबरची सरासरी ६७९ मिमी सांगतात. त्या सरासरीत काही खरं नसतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच सालच्या पावसाने मांजरा धरण भरलं. सरासरी काढली तर सगळं ठीकठाकच. पाऊस कधी पडला, किती दिवसांत पडला आणि मध्ये किती उघडीप होती, हे रोजच्या नोंदीशिवाय समजत नाही.

मपलं गाव

तात्यांची पावसाची वही मला लई चांगली ठावं हाय. आमचा तिच्याशी झगडा झालेला.

एका साली सोयाबीन काढायला आलं आन् रातीतून ढगफुटीगत पाऊस. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी धरतेत. महसूल मंडळाच्या ठिकाणी जे यंत्र हाय त्येनं काय ६५ दावलं नाही, थोडक्यात हुकलं. यंत्र तिकडं, रान इकडं. आमच्यातल्या एकाला कळलं की अंबाजोगाईत वकीलसाहेबाच्या अंगणात ६५ च्या वर मोज झालाय. गेलो दहा-पंधराजण. म्हटलं साहेब, एक दाखला द्या, वहीची नक्कल द्या.

साहेबांनी चहा पाजला. वही काढली, आकडा दावला, होताच वर. आन् म्हणले, "हा पाऊस माझ्या अंगणात पडला. तुमच्या रानात पडला हे मी शपथेवर कसं सांगू?" पोरं चिडली. एक तर म्हणला, सरकार पण तेच करायलंय की, मंडळाचा पाऊस आमच्या रानात धरायलंय! साहेब म्हणले, "ते चुकतंय म्हणूनच तर भांडायचं. मी बी तीच चूक केली तर भांडायचं कशावर?"

दाखला दिलाच नाही. पण सांगितलं की विम्याला ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, किती झाले? चाळीसेक तास होऊन गेले होते. रात्री बारापर्यंत बसून सगळ्यांचे अर्ज त्यांनी आन् कारकुनानं करून दिले. काहींना मिळाले पैसे, काहींना नाही. त्यानंतर आम्ही गावात आमचं नरसाळं बसवलं. साहेब येऊन जागा दाखवून गेले. सरपंचाच्या घरापासून लांब, हे त्यांनीच सांगितलं.

गोदाकाठ

सरपंचाच्या घरापासून लांब का? भिंतीची सावली म्हणून, की दुसरं काही?

मपलं गाव

दोन्ही :)

शिकस्ता

उर्दू कागदांच्या कपाटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी निजामकालीन दस्त वाचतो, हौस म्हणून.

तात्यांकडे मी शिकायला जायचो. निजामाच्या राज्यात कोर्ट-कचेरीचं सगळं काम उर्दूत. त्यांची शाळा मोमिनाबादेत (अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव) उर्दूतून झालेली. त्यामुळे इनामाचे मुंतखब (निजाम सरकारची मंजुरीपत्रं), मदतमाशचे (उपजीविकेसाठी दिलेल्या जमिनींचे) कागद, अतियातकडचे (इनामं बघणाऱ्या खात्याचे) हुकूम घेऊन लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. कुळकायदा हैदराबादचा १९५० चा, इनामं रद्द झाली १९५४ च्या कायद्याने, पण भांडणं आजतागायत चालू आणि मूळ कागद वाचणारं कुणी नाही. त्यांनी मला पहिल्या दिवशी कागद दिला तो असा घसटलेल्या अक्षरातला की नुकते (उर्दू अक्षरांचे टिंब) कुठे आणि शाईचे डाग कुठे, काही कळेना. म्हणाले, "आधी तारीख आणि रक्कम शोध. या दोन गोष्टी कुणी उगीच लिहीत नाही."

तारीख फसली सनातली, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाची. इसवी सन काढायला तिच्यात ५९० मिळवायचे, पण वर्ष आजूरला म्हणजे ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून जानेवारी किंवा त्यापुढचा महिना असेल तर ५९१. हैदराबादच्या पोलीस अ‍ॅक्शनचा सप्टेंबर १९४८ म्हणजे १३५७ फसलीचं शेवट. रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयांत. लोक हाली रुपये आणि कलदार (इंग्रजी) रुपये एकच धरून भांडायचे, तात्या सहा कलदाराला सात हाली असा हिशोब बोटांवर करून द्यायचे.

बालाघाटी, ते कपाट रद्दीवाल्याला दाखवू नका एवढी विनंती. काळ्या कोटाचं म्हणणं तिथेही लागू आहे. पक्षकारांचे मूळ कागद असतील तर ते त्यांचे. यादी करायला मी येतो.

काळा कोट

बरोबर. मूळ कागद ज्याचे त्याला पोच घेऊन परत. शिकस्ता आणि मी दोघं मिळून येतो, मी मागची बाजू वाचीन आणि विसरीन.

येळवस

म्हशीच्या शेऱ्यावरून आठवलं, त्यांना नक्षत्रांच्या म्हणी तोंडपाठ होत्या. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.' आणि आमच्या आजोबांना मघाची म्हण मुद्दाम सगळ्या बायांसमोर म्हणायला लावायचे.

पाटीलबुवा

मघाची कोणती?

सुशीला आणि चहा

संपादक मंडळ जागं आहे. चुलीपुढचं काय ते समजून घ्या, बुवा.

केजकर

दोन दिवस वाचतोय. एक विचारू?

आमच्या दाव्यात मुद्दा ताब्याचा होता. बारा वर्षं अखंड ताबा सिद्ध व्हायला पाहिजे होता. एका सालच्या खरिपाला पाहणी पत्रकात तलाठ्याने त्या पट्टीवर 'पड' लिहिलेलं. वडील म्हणाले, पाऊसच झाला नाही, पेरणार काय? तुमच्या तात्यांनी विचारलं, मग शेजारच्या रानात पेरलं होतं ते कसं? वडील म्हणाले, त्याला विहीर होती. मग, विहीर तर या पट्टीजवळच होती ना? इथे वडील गडबडले.

पण त्या साली पाऊस नव्हता हे तात्यांच्या स्वतःच्या वहीत असणार की नाही? रोज मोजत होते ना? साल १९८६. बघून सांगाल का?

बालाघाटी

बघितलं. जून बरा आहे. जुलैचं पान जवळजवळ सगळं 'निरंक'. मधे एक शेरा: "पेरण्या खोळंबल्या. ढग येतात, जातात." ऑगस्टमध्येही फार काही नाही.

म्हणजे तुमचे वडील खरं बोलत होते.

काळा कोट

थांबा. हे असं सरळ नाही. तात्या समोरच्या पक्षकाराचे वकील. आपल्याच पक्षकाराविरुद्ध स्वतः साक्षीदार होऊन उभे राहू शकत नव्हते. शिवाय केज म्हणजे काही अंबाजोगाई नव्हे. मपलं गाव यांच्या वेळेस ते जे बोलले तेच इथेही: अंगणातला पाऊस दुसऱ्याच्या रानात धरायचा नाही. माणूस दोन्हीकडे एकाच नियमाने वागला.

केजकर

हो. एकच नियम, आणि दोन्ही वेळेस मार शेतकऱ्यालाच. साक्ष द्या असं कुठे म्हणतोय मी? निदान तो प्रश्न तरी विचारायचा नाही. मनातून माहीत होतं ना त्यांना.

मपलं गाव

@केजकर, आमच्या टायमाला मी पण ह्येच म्हणलो होतो. आजून बी उत्तर सापडलं नाही. पण आर्ज त्यांनी केले, ते बी खरं.

औसा रोड

मला वाटतं विचारायला नको होता. आणि मला ते तरीही आवडतात. दोन्ही एकदम होऊ शकतं.

थेंबे थेंबे

केज तालुक्याच्या जुन्या नोंदी सरकारदरबारी मिळतात, तिथलं १९८६ चं पान काढता येईल. मग अंगणाचा प्रश्नच उरत नाही. केजकर, हवं असेल तर मी अर्ज कसा करायचा ते सांगतो.

केजकर

हवंय. दाव्यासाठी नाही, तो केव्हाच संपला. भावाला दाखवायचंय. तो अजून म्हणतो वडील कोर्टात खोटं बोलले म्हणून हरलो.

बालाघाटी

ठरलं ते लिहिते, म्हणजे कुणाला वाटणार नाही की धागा हवेत गेला. वह्या घरीच राहतील, काका खूष. पावसाची बाजू मी आणि आतेबहीण टाइप करतोय, थेंबे थेंबे यांच्या तक्त्यात. १९८६ आधी घेतलंय. दिवाळीत काळा कोट आणि शिकस्ता येतील, उर्दू कपाट आणि मागच्या बाजू त्यांच्याकडे. परभणीला विचारणं त्यानंतर.

नरसाळं सध्या पालथं घातलं आहे, त्यात चिमण्या पडत होत्या. ते चालू ठेवायचं की नाही यावर घरात एकमत नाही. साडेआठला उठणारं कुणी नाही.

एकच विचारायचंय: शेरे पण टाइप करायचे का, की नुसते आकडे पुरेत? शेऱ्यांतले निम्मे पंचांगाशी आणि आजीशी घातलेले वाद आहेत.

थेंबे थेंबे

शेरे सगळे. एकही गाळू नका.

येळवस

आणि म्हैस शेवटी निघाली का, ते आधी सांगा.

बालाघाटी

निघाली. पुनर्वसूत. तेव्हा पंचांगात वाहन उंदीर होतं.